न दिसलेला धूमकेतू

फार पूर्वी, एका डोंगराळ राज्यात मैनावती नावाची विदुषी होती. टेकडीवरच्या वेधशाळेतून ग्रहताऱ्यांचे वेध घेणे हे तिचे काम.

एका पहाटे तिला ओळखीच्या ताऱ्यांमध्ये एक पुसट डाग दिसला, आरशावर फुंकर घालावी तसा. दुसऱ्या पहाटे तो किंचित सरकला होता. तारे असे जागा सोडत नाहीत. म्हणजे हा धूमकेतू! त्याला शेपूट नव्हती, आणि नजर जरा बाजूला ठेवली तरच तो दिसे. महिन्याभरात तो दिसेनासा झाला.

मैनावतीने बरेच दिवस गणित मांडले. मग ती राजाला म्हणाली, "महाराज, हा पुन्हा येईल. सात वर्षांनी, माघात."

सात वर्षे सरली. राजाने धूमकेतूला स्वतःचे नाव द्यायचे ठरवले आणि शेजारच्या राजांना आमंत्रणे धाडली. ठरलेल्या पहाटे सगळे टेकडीवर जमले.

प्रधान मैनावतीच्या कानाशी लागला. "बाई, पाहुणे आलेत. दिसला म्हणून टाका. तुमच्याशिवाय तो ओळखणार कोण?"

मैनावतीने खूप वेळ पाहिले. आभाळ निरभ्र होते, पण डाग नव्हता.

"तो पाहा!" प्रधान ओरडला. लगेच सगळ्यांनाच तो दिसू लागला.

राजा खूश झाला. "मैनावतीबाई, आता तुम्ही सांगा."

"महाराज, मला दिसत नाही."

"म्हणजे तुमचं गणित चुकलं?"

"चुकलं असेल. कुठे, ते अजून कळलं नाही."

पाहुण्यांसमोर राजाची मान खाली गेली. त्याच दिवशी वेधशाळेला कुलूप लागले आणि मैनावती भावाच्या गावी राहायला गेली. तिथेही ती रोज पहाटे खळ्यात उभी राही.

भावजय म्हणाली, "वन्सं, अजून काय शोधता? सगळ्यांनी तर पाहिला म्हणे."

"म्हणून तर, वहिनी. आता त्यांच्यातलं कुणी आभाळाकडे बघणार नाही."

माघ संपला. फाल्गुनात एका पहाटे, तिने मानले होते त्याहून बरेच खाली, तोच पुसट डाग उगवला. तिने राजाला निरोप धाडला. राजा रागातच आला, पण आला.

"त्या दोन ताऱ्यांच्या खाली, महाराज. नजर थोडी डावीकडे ठेवा."

राजा बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आहे." तो तिथेच मुक्कामाला राहिला. दुसऱ्या पहाटे डाग सरकलेला पाहून त्याची खात्री पटली.

"मग माघात आम्ही काय पाहिलं?" त्याने विचारले.

"ते मी कसं सांगणार, महाराज?"

परतताना राजाने मैनावतीला आपल्यासोबत नेले आणि वेधशाळेचे कुलूप स्वतःच्या हाताने काढले. धूमकेतूला नाव तेवढे कुणाचेच दिले नाही.

तात्पर्य इतकेच: ज्याला 'दिसत नाही' असे म्हणता येते, त्याच्याच 'दिसले'वर विसंबावे.