विमान नसलेला फोटो

“हे कुठलं विमान, बाई?”

एवढं विचारून हेरंब साठ्ये गप्प बसला. फोटो त्याने मिलकाबाईंच्या हातात दिला होता, आणि आता तो फोटोकडे न बघता त्यांच्या डोळ्यांकडे बघत होता.

फोटोत विमान नव्हतंच.

ओसाड पडलेल्या धावपट्टीशेजारचं मोकळं मैदान होतं ते. कालच तिथे जाऊन हेरंबने मुद्दाम टिपलेलं. गवत, वर आभाळ, बाकी काही नाही.

मिलकाबाई रोहेकर देवळालीत एका बैठ्या घरात एकट्या राहत. उभी हयात त्यांनी सर्वेक्षणाच्या कचेरीत आकाशातून काढलेले फोटो वाचण्यात घालवली होती. झाड कुठलं, विहीर कुठली आणि विहिरीसारखी दिसणारी सावली कुठली, हे त्यांनी सांगायचं आणि नकाशावाल्यांनी काढायचं. निवृत्त झाल्यावर जुन्या विमानांचा नाद लागलेली माणसं त्यांच्या दारी येऊ लागली. कुणाला संस्थानिकाच्या कोठारात एखादा सांगाडा सापडे, कुणाला भंगाराच्या ढिगात नुसती शेपटी. फोटो काढायचा आणि बाईंच्या हातात द्यायचा. बाई प्रश्न विचारत. खूप प्रश्न विचारत. शेवटी नाव सांगत, नाहीतर ‘थांब’ म्हणत. बाईंनी थांब म्हटलेला फोटो या हौशी लोकांच्या मंडळाच्या अंकात कधी छापला गेला नाही.

हेरंब त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. तसं तो स्वतःही म्हणे.

मागच्या महिन्यात बाई त्याला ‘थांब’ म्हणाल्या होत्या. तेही सगळ्या मंडळादेखत.

आणि फोटो तरी कशाचा? एका जुन्या जहागिरीच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीत पोटापर्यंत बुडालेलं विमान. पंख काढून कुणी कधीच नेलेले. हेरंबने बघताक्षणी ओळखलं होतं. लेपर्ड मॉथ. मंडळातल्या म्हाताऱ्यांनीही ते फक्त चित्रात पाहिलेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोटो परत दिला आणि एकच शब्द उच्चारला. कारण सांगितलं नाही.

तो शब्द हेरंबच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता.

त्या दिवसापासून तो बाईंवर नजर ठेवू लागला. संशयाला एकदा डोळे फुटले की ते मिटत नाहीत. बाईंच्या भिंतीवरचं कॅलेंडर मे महिन्यावरच थांबलं होतं, आणि बाहेर तर श्रावण लागलेला. चहा ओतताना त्या कपाच्या काठावर बोट ठेवत. घरात शिरताना चौकटीवर ठोकलेल्या मझुझाला, प्रार्थनेच्या त्या लहानशा डबीला, हात लावून बोटं ओठांशी न्यायची, ही त्यांच्या ज्यू लोकांची रीत. हेरंबला ती ठाऊक होती. पण आता तो हात मझुझावरून चौकटीवर उतरे, चौकटीवरून भिंतीवर, आणि भिंतीभिंतीने खुर्चीपर्यंत जाई.

म्हणजे बाईंना दिसत नव्हतं.

आणि न बघताच त्यांनी त्याचं विमान नाकारलं होतं.

आज खात्री करून घ्यायची आणि रविवारी मंडळाला सांगून टाकायचं, असं ठरवूनच तो आला होता.

बाईंनी फोटो मांडीवर ठेवला. त्यावरून एकदा तळवा फिरवला.

“पंख एक थर की दोन?”

हेरंब मनात हसला. “दोन. वरचा जरा पुढे सरकलेला.”

“मधल्या दांड्या?”

“लाकडी. दोन्ही बाजूंना सारख्या.”

“पुढचा पंखा?”

“दोन पात्यांचा. टोकांना पितळी पत्रा.”

“शेपटी?”

“गोलसर. खाली चाक नाही, लोखंडी टेकू आहे. चालकाची जागा उघडी, पुढे लहानशी काच. डाव्या अंगावर जुन्या रंगाचा पट्टा, अजून चांगला शाबूत.”

बोलता बोलता विमान त्याच्यापुढे उभंच राहिलं. एकेक नट जागच्या जागी. कुठे अडायला झालं नाही. आपल्याला हे किती छान जमतं, असंही त्याला वाटून गेलं.

बाई ऐकत होत्या. मान किंचित कलती.

“झालं?”

“झालं. सांगा आता नाव.”

बाईंनी फोटो उचलला आणि टेबलावर पालथा घातला.

“बाई,” हेरंब म्हणाला. आवाज चढू नये याची त्याने काळजी घेतली. “फोटोत विमान नाहीये. मोकळं मैदान आहे.”

“असं?”

“तुम्हांला दिसत नाही.”

“नाही.”

एवढ्या सरळ उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती. त्या आढेवेढे घेतील, चिडतील, डोळ्यांत पाणीही आणतील, अशी तयारी करून तो आला होता.

“केव्हापासून?”

“एक डोळा आधी गेला. दुसरा हळूहळू.”

“आणि आम्ही इथे फोटो घेऊन येत होतो… तुम्ही ते हातात घेत होता… नावं सांगत होता.”

“नावं चुकली कधी?”

हेरंबने आठवून पाहिलं. एकही चुकल्याचं आठवेना. त्यामुळे त्याचा राग आणखीच वाढला.

“प्रश्न तो नाही. तुम्ही आम्हांला फसवलंत.”

“मी विचारायची,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही पुन्हा फोटोत बघायचात.”

“पण माझं विमान तुम्ही न बघता नाकारलंत.”

बाईंनी पालथ्या फोटोची कड टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवली.

…

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. हेरंब पिशवी उचलून उठलाच होता.

“मैदानातलं गवत कसं होतं रे?”

“काय?”

“गवत. तू गेला होतास ना तिथे?”

“गवत… पिवळं होतं. म्हणजे… श्रावणात पिवळं कसं असेल. हिरवंच असणार. पण शेंड्याला पिवळट… का ते तुरे होते? एके ठिकाणी दबलेलं होतं, गुरं बसली असावीत… की वाट होती तिथून, ते नाही मी…” तो थांबला. “पुन्हा बघावं लागेल.”

“हे तू बघितलंयस,” बाई म्हणाल्या.

हेरंबने पिशवी पुन्हा खाली ठेवली.

“आणि गोठ्यातलं?”

“त्याचं काय?”

“मागच्या महिन्यात त्याचं वर्णन केलंस. अंग सगळं लाकडाचं, म्हणालास. चाकाच्या तंगड्या अशा, शेपटी तशी. आता या मैदानातल्या विमानाचं केलंस ना, अगदी तस्सं. कुठे अडखळला नाहीस.”

हेरंबने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्याला कडब्याची गंजी आठवली. चाकं गंजीत होती. शेपटीवर पोती होती. आणि विमानाच्या अंगावर ताणलेलं कापड त्याने बोटानेसुद्धा दाबून पाहिलं नव्हतं. लेपर्ड मॉथचं अंग लाकडाचं असतं, हे माहीत होतं म्हणून ते लाकडाचं होतं.

निरोप न घेताच तो बाहेर पडला. घरी जाईपर्यंत मनाशी भांडत राहिला. बाईंनी आपली लबाडी झाकायला ही युक्ती काढली असेल. आंधळ्या माणसाला कसलं आलंय खरं-खोटं. रविवारी सांगायचंच.

रविवारी तो मंडळाच्या बैठकीला गेला नाही. जहागिरीच्या गोठ्यात गेला.

राखणदाराला आधी पटेना. “मागं एकदा फोटो काढलाच की साहेब तुम्ही. मग आता कशाला?” शेवटी दोघांनी मिळून कडबा उपसला, पोती ओढून काढली. हेरंबचे हात कुसळांनी भरले. कापड एका जागी फाटलं होतं. तिथून त्याने आत हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

परत बाईंच्या दारी आला तेव्हा दुपार होती. या खेपेला त्याने गोठ्यातला फोटो पिशवीतून बाहेर काढलाच नाही. काढून उपयोग काय, असं त्याला वाटलं.

“बाई, मागचं अंग लोखंडी नळ्यांचं आहे.”

“हं.”

“म्हणजे लेपर्ड मॉथ नाही. नळ्या त्याच्या आधीच्या जातीला, पस मॉथला असतात. पण… बसायच्या जागेपासून पुढे लाकूड आहे. ते मूळचं की मागाहून कुणी बसवलंय… खिळे नवे वाटले. सगळे नाही. काही.”

“चाकाच्या तंगड्या?”

“एकच आहे. ती वर कुठे जोडलेली होती ते… मी वाकून पाहिलं. दोन ठिकाणी भोकं आहेत. दोन्ही असू शकतात. कदाचित दोन मोडकी विमानं मिळून कुणी एक केलं असेल. किंवा नसेल. मला तंगडी नीट कळली नाही, बाई.”

“मग कुठलं विमान म्हणायचं?”

मंडळातला एकही माणूस समोर नव्हता, तरी ते शब्द तोंडातून निघायला वेळ लागला.

“माहीत नाही.”

…

मिलकाबाई खुर्चीत पुढे झाल्या. त्यांनी हात पुढे केला.

“आता फोटो दाखव.”