हौसाअक्काचं पळतं हळदीकुंकू

"पण अक्का, माझ्याबरोबर पळायला कुणी उभंच राहत नाही, त्यात माझा काय दोष?"

संयोगिता तावातावानं बोलत होती. हौसाअक्का शाळेच्या मैदानाकडेला कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होत्या.

सत्तरी ओलांडलेली ही बाई. बायकांनी मैदानात उतरणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं, अशा काळात तिनं आठशे मीटर पळून पदकं आणली होती. तीही काष्टा मारून, अनवाणी! आता गावातल्या मुलींना पळायला शिकवायची. संयोगिता तिची सगळ्यात वेगवान चेली, आणि हे संयोगिताला जरा जास्तच ठाऊक होतं.

भानगड अशी, की तालुक्याच्या स्पर्धेत शर्यतीला निदान तिघी लागतात, आणि बाकीच्या गावांतून कुणी मुली येतच नाहीत. तिघी नसल्या की शर्यत रद्द, आणि संयोगिताचं जिल्ह्याला जाणंही रद्द. गेल्या खेपेला अक्कांच्याच चेल्या रुबिना आणि कस्तुरी होत्या. पण संयोगितानं काय करावं? शेवटच्या रेषेपाशी पोचून, त्या दोघी येईपर्यंत आडवी होऊन चक्क घोरायचं सोंग केलं! सगळं मैदान हसलं. त्या दोघींनी त्या दिवसापासून पळणंच सोडलं.

"तुम्ही पंचांकडे शब्द टाका ना, एकटीलाच पळू द्या म्हणून. तुमचं ऐकतील ते."

"टाकीन की. आधी दोन फेऱ्या मार. बघू दे मला."

संयोगिता धूळ उडवत सुटली. धापा टाकत परत आली.

"कशी पळाले?"

"झकास! पहिली आलीस."

संयोगिता फुलली.

"आणि शेवटचीबी तूच आलीस."

...

संयोगिताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अक्कांनी सोललेले दाणे तिच्या हातावर ठेवले.

"तुमच्या वेळी तरी कोण होतं पळणारं?" ती फणकारली.

"कुणी म्हंजे कुणी न्हवतं. पंच म्हणाला, तिघी आणा बाई, मग शिट्टी वाजवतो. त्याला वाटलं, टळली ब्याद."

"मग?"

"संक्रांतीचे दिवस. हळदीकुंकवाला बोलावलं बायकांना. तिळगूळ दिला, वाण म्हणून सेफ्टी पिना दिल्या."

"सेफ्टी पिना?"

"काष्टा सुटू नये म्हणून गं! मग म्हटलं, उखाणा हितं न्हाई घ्यायचा. ओढ्यापर्यंत पळायचं आन तिथं नाव घ्यायचं. अगं, दम लागून एकीलाबी नवऱ्याचं नाव आठवंना!"

अक्का हसता हसता कट्ट्यावरून घसरायच्या बेतात आल्या. संयोगितालाही हसू आवरेना.

"त्यातनं दोघी टिकल्या. शेजारची मैना, आन माझी धाकटी जाऊ, शेवंता."

"आणि शर्यतीत तुम्ही पहिल्या!"

"छे गं. शेवंता पहिली. मी दुसरी."

"तुम्हीच शिकवलेली? वाईट नाही वाटलं?"

"वाईट? आग झाली अंगाची! रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

"मग?"

"उजाडल्यावर तिलाच हाक मारली, चल गं पळायला... त्या वर्षी तिला गाठायला म्हणून जी पळत सुटले, ती पार पुण्याहून पदक घेऊन आले."

संयोगिता दाणे तसेच मुठीत घेऊन उठली आणि चालू लागली.

रुबिनाच्या दारात ती थबकली. आयुष्यात कधी कुणाची माफी मागितली नव्हती पोरीनं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "परत येशील पळायला?"

"परत घोरणार?"

"घोरले तर लाथ घाल."

रुबिना खुदकन हसली आणि बूट शोधायला आत पळाली. कस्तुरीनं मात्र चांगलं ताटकळत ठेवलं. शेवटी तीही आली.

सकाळी सकाळी तिघी मैदानावर दिसू लागल्या. पहिल्या फेरीत दम कसा राखायचा, वळणावर आतून कसं यायचं, सगळं संयोगिता शिकवायची. आधी तोंड वाकडं करून, मग स्वतःच्याही नकळत मजेत. अक्का कट्ट्यावरून ओरडायच्या, "पळा गं बायांनो!"

आणि एका सकाळी शेवटच्या वळणावर संयोगिताला कानाशी श्वास ऐकू आला. रुबिना! खांद्याला खांदा लावून! संयोगितानं होतं नव्हतं ते बळ काढलं आणि जेमतेम पुढे राहिली. इतक्या जोरात ती कधीच पळाली नव्हती. हरायची भीती वाटत होती, तरी तोंडभर हसू होतं. असं पळण्यात इतका आनंद असतो, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

ती कट्ट्याशी आली.

"अक्का... शर्यतीत रुबिना माझ्या पुढे गेली तर?"

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. सुरकुतलेला चेहरा उजळून निघाला.

"तर पेढे तू वाटायचेस."