बोडके डोके, भुंडे हात

एकदा एक वृद्ध कोशकार होते. ते पगडी घालीत की टोपी, हे मला आता खात्रीने आठवत नाही. पगडी असावी, असे धरून चालतो.

त्यांच्या हाताखाली एक शिष्य इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहीत असे. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही तो कामावर हजर झाला. त्या दिवशी शब्द निघाला ‘बेअर’.

“हा सोपा आहे, गुरुजी. बेअर म्हणजे उघडा.”

“पायांना उघडे म्हणतोस कधी?”

“नाही. अनवाणी.”

“आणि टेकडी?”

“उजाड. गळा असेल तर ओका. डोके बोडके.” शिष्याला गंमत वाटू लागली. इंग्रजांचे एका शब्दात भागते, आणि आपण प्रत्येक उणिवेला निराळे नाव देऊन ठेवले आहे!

“बरे, हात?”

“बांगड्या नसतील तर भुंडे,” शिष्य बोलून गेला आणि त्याची लेखणी थांबली. “गुरुजी, आई उद्या मांडवात येणार नाही म्हणते. बाबा गेल्यापासून हात भुंडे, म्हणून आतूनच अक्षता टाकीन म्हणते.”



दुसऱ्या दिवशी गुरुजी लग्नघरी आले आणि थेट कोठीच्या खोलीकडे वळले. शिष्याची आई तिथे एकटीच बसली होती. त्यांनी पगडी उतरवून तिच्या हातात दिली. “वहिनी, एवढी सांभाळा.” आणि तसेच मांडवात जाऊन पहिल्या रांगेत बसले.

कुजबुज सुरू झाली. बोहल्यावरचा शिष्य बुचकळ्यात पडला. वधूपिता लगबगीने आले.

“गुरुजी, मंगलकार्यात बोडक्या डोक्याने? लोक काय म्हणतील! माझी टोपी घ्या.”

“माझी पगडी आहे की. वरमाईंकडे ठेवली आहे.”

“मग कोणाला तरी पाठवून मागवतो.”

“त्यांच्याच हातून घेईन.”

मुहूर्त जवळ येत चालला. निरोपावर निरोप गेले. अखेर पदर सावरीत, पगडी दोन्ही हातांत धरून आई मांडवात आली.

गुरुजी उठून उभे राहिले. पगडी मात्र त्यांनी घेतली नाही. वधूपित्याला ते म्हणाले, “साखरपुड्याला तुम्ही मला वाकून नमस्कार केलात. डोके तेव्हाही हेच होते. आज त्यावर काय नाही, तेवढेच तुम्हाला दिसले. या हातांनी तुमचा जावई वाढवला, आणि आपण त्यांत बांगड्या शोधत बसलो. काय नाही ते सांगायला आपल्यापाशी शब्द पुष्कळ आहेत, रावसाहेब. काय आहे, ते पाहावे लागते. वहिनी, बसा इथे.”

 वधूपित्यांनी अक्षतांचे तबक स्वतः तिच्यापुढे धरले. आईची ओंजळ भरलेली पाहून शिष्याने बोहल्यावरूनच मान लववली.

पुढे कित्येक वर्षांनी त्या लग्नाचे छायाचित्र पाहायला मिळाले. टोपी नव्हे, पगडीच होती. गुरुजी उघड्या डोक्याने उभे आहेत, आणि पगडी वरमाईच्या मांडीवर आहे.