चौथा खांदा परका असावा

धडधाकट माणूस एकाएकी कसा थांबतो? दादा गेला त्या दिवशी मी हे डॉक्टरांना विचारलं, मामांना विचारलं, स्मशानात लाकडं रचणाऱ्यालाही विचारलं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला उत्तर कुठून सुचणार? पण दादाच्या गुरूंची एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावात एक वृद्ध जाणकार राहत होते. त्यांचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. जे यंत्र कधीच बंद करायचं नसतं ते कसं सांभाळावं, ही त्यांची विद्या. गाव त्यांना नाना म्हणे. दादा, माझा थोरला भाऊ, त्यांचा शिष्य. संध्याकाळी दोघं नानांच्या ओसरीवर उघडं यंत्र मांडून बसत. मधे चहा गार होत असे, आणि नानी आतून ओरडत, "अहो, त्या पोराला घरी जाऊ द्या, त्याला बायको करायचीय अजून!" दादा लाजायचा आणि आणखी तासभर बसायचा. ते दिवस मला फार आठवतात.

गावातल्या धर्मादाय दवाखान्याचा सर्व्हर सांभाळायला दादाकडे होता. रोग्यांची माहिती, औषधं, एक्स-रे, सगळं त्यात. तो रात्रंदिवस चालू. आत चार हार्ड डिस्क. चौघी मिळून भार उचलतात. एक बंद पडली तरी तिघी निभावून नेतात. तिच्या जागी नवी बसवली की तिघी तिला सगळं पुन्हा लिहून देतात. पण ते लिहिणं चालू असताना दुसरीही गेली, तर सगळं गेलं.

एकदा चारही डिस्क बदलायची वेळ आली. आम्ही तिघं दुकानात गेलो. व्यापाऱ्यानं एक बंद खोकं पुढं ठेवलं. एकाच कंपनीच्या चार, क्रमांकसुद्धा ओळीनं. दादा खुश. "नाना, चारी जुळ्या बहिणी!"

नानांनी आधी विचारलं, "शेट, ह्या घरच्या वापराच्या का चोवीस तासांच्या?"

"चोवीस तासांच्याच. हमी बघा ना कागदावर."

नानांनी कागद वाचला, मान डोलावली, खोक्यातली एक डिस्क उचलून बाजूला ठेवली आणि खोकं परत सरकवलं. "ही एक द्या. दुसरी दुसऱ्या कंपनीची द्या. तिसरी हीच, पण वेगळ्या महिन्यात बनलेली. चौथी जिल्ह्याच्या गावाहून आणू."

व्यापारी हसला. "नाना, डिस्क घेताय का सुना बघताय? एका खोक्यातल्या घ्या, भावात बसवून देतो."

दादाचा चेहरा उतरला. माझं तर डोकंच फिरलं. मी म्हणालो, "नाना, चांगला माल समोर आहे आणि तुम्ही उगाच वणवण करायला लावता. यातली कुठली वाईट आहे ते तरी सांगा."

"एकही वाईट नाही रे, धाकट्या," नाना म्हणाले. मग दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं ते असं.

"आमच्या आळीत एक म्हातारी वारली. तिला चार मुलगे, चौघंही पैलवान. म्हणाले, आईला आम्हीच नेणार, कुणी हात लावायचा नाही. ओढ्याच्या उतारावर धाकट्याला हुंदका फुटला. बाकी तिघं काय परके होते? त्यांनाही त्याच क्षणी फुटला. चौघांचे गुडघे एकदम गेले आणि म्हातारी मातीत. चौघांत कमजोर कुणीच नव्हता. पण चौघंही रात्रभर एकाच उशाशी रडलेले होते. तेव्हापासून आमच्या आळीत तीन खांदे घरचे आणि चौथा शेजारचा, अशी रीत आहे. या खोक्यातल्या चौघी एकाच दिवशी घडल्या, एकाच ट्रकमधून एकाच खड्ड्यावर आदळल्या. त्या थकतीलही एकदम. न मरणारी डिस्क कुणी विकत नाही, बाबांनो. सगळ्या एकाच वेळी मरू नयेत, एवढं मात्र आपल्या हातात असतं."

दादा उठला आणि म्हणाला, "शेट, खोकं राहू द्या." जिल्ह्याच्या गावाला जाताना माझ्या मोटरसायकलवर मागं बसून तो सारखा हसत होता. "सुना बघताय म्हणे!"

दोन वर्षं तो सर्व्हर अखंड चालला. मग दादाच गेला. तिरडीच्या मागच्या डाव्या अंगाला, या वयात, नाना होते.

पाचव्या दिवशी दवाखान्याचा निरोप आला, एका डिस्कचा लाल दिवा लागलाय. मी चपला शोधू लागलो. आत्या आडवी आली. "सुतकात कुठं निघालास?"

दारात नाना उभे होते. "जाऊ द्या त्याला. दवाखान्याला सुतक नसतं."

मला सर्व्हरचं काही येत नव्हतं. दादाच्या मागं उभं राहून जे दिसलं तेवढंच. तिथं सिस्टर घाबरलेल्या. सगळ्या माहितीची वेगळी ठेवलेली प्रत होती, पण दिवाळीच्या आधीची. त्यानंतरचं सगळं उरलेल्या तीन डिस्कवर. बाहेर रोग्यांची रांग.

मी घाईत एका डिस्कच्या खणाला हात घातला आणि ओढणार इतक्यात नानांनी मनगट धरलं. "ही जिवंत आहे, धाकट्या. दिवा बघ."

मी हात पुसले, लाल दिव्याचा खण ओढला, नवी डिस्क आत सरकवली. तीही नानांनी तिसऱ्याच दुकानातून आणली होती. हिरवे दिवे लुकलुकू लागले.

"बंद करावं लागेल का?" सिस्टरनी विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. "तुम्ही पुढचा पेशंट घ्या."

संध्याकाळपर्यंत तिघी चौथीला लिहून देत राहिल्या. यंत्र तापलं, पंखे घोंघावले, पण दुसरी कुणी खचली नाही. मधेच डॉक्टरांनी एका आजोबांचा गेल्या महिन्यातला एक्स-रे उघडून पाहिला. आजोबांना काही कळलंही नाही.

काम संपल्यावर मी ती मेलेली डिस्क भंगारवाल्याला द्यायला पिशवीत टाकली. नाना म्हणाले, "तुझा भाऊ असं करत नसे. मेली तरी हिच्यात लोकांची दुखणी आहेत. कुणाच्या हाती लागू द्यायची नसतात."

ते दादाचं शेवटचं राहिलेलं काम होतं. दवाखान्याच्या मागच्या अंगणात मी ती डिस्क विटेवर ठेवली, गुडघ्यानं दाबून धरली आणि ड्रिलनं तिला आरपार भोक पाडलं.