पट्ट्या मारल्यानंतरचं काम

"...मग माझाच स्पॉयलर का निघतो, चाचा?"

अभिनंदन मगदूमने हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्री एका जुन्या गाडीच्या दरवाजाचं रबर बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चार वर्षं तुमच्याकडं होतो. तुमचा एकबी निघालेला बघितला न्हाई. आणि माझे आठ महिन्यांत तीन निघाले. टेप तीच. गम तोच. स्पिरिटसुद्धा त्याच दुकानातलं. तुम्ही कायतरी लपवलंय माझ्यापासनं."

"काय लपवलंय?"

"ते ठाऊक असतं तर आलो असतो का?"

जयसिंगपूरच्या बाहेर रस्त्याला लागून दस्तगीर मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. सीटकव्हर, हॉर्न, असली गाड्यांची हौसेची कामं ते करतात. पण माणसं लांबून यायची ती स्पॉयलरसाठी. डिकीच्या कडेला ते पंखासारखं प्लास्टिक बसवायचं, आणि तेही गाडीला भोक न पाडता, नुसतं चिकटवून! त्यात चाचांचा हात धरणारा कुणी नव्हता.

अभिनंदन त्यांचा सगळ्यात हुशार चेला. ते त्याला स्वतःलाही माहीत होतं, हीच पंचाईत होती. "आता इथं शिकण्यासारखं काही उरलं नाही," असं चाचांच्या तोंडावर सांगून तो सांगलीला गेला आणि भलीमोठी पाटी लावून त्याने दुकान थाटलं.

पहिले दोन स्पॉयलर निघाले, ते त्याने हसण्यावारी नेले. तिसरा चौगुल्यांच्या गाडीचा. तो भर हायवेवर उडाला. मागून मोटरसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये पोरगं. नवऱ्याने कचकन ब्रेक दाबला आणि तिघंही खडीत गेले. पोराच्या हनुवटीला तीन टाके पडले. अभिनंदन दवाखान्यात जाऊन आला होता. पोरगं त्याच्याकडे बघून रडलं नाही, काही नाही, नुसतं बघत राहिलं. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

चौगुले भला माणूस. "आणखी एकदा बसवून दे," म्हणाले, "पण ह्या खेपेला निघाला तर गावभर सांगीन." चाचांकडे नेतो असं त्यांना सांगून, गाडी घेऊन अभिनंदन तडक इथे आला होता.

"खरं सांगू का चाचा? पट्ट्या मारून झाल्या की तुम्ही मला रोज बाहेर पाठवायचा. चहा सांगून ये, बाजारातनं स्क्रू आण, पोस्टात जाऊन ये. मी गेल्यावर तुम्ही कायतरी करत होता."

"करत न्हवतो."

"मग काय करत होता?"

"काही न्हाई."

अभिनंदनच्या डोक्यात तिडीक गेली. एका लहान पोराच्या तोंडाला टाके पडलेत आणि हा म्हातारा अजून मूठ उघडत नाही!

"बसव माझ्यासमोर," चाचा म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

त्याने बसवायला घेतला. डिकी धुतली, कोरडी केली. जुना गम खरवडला. स्पिरिटच्या फडक्याने एकाच दिशेने पुसलं आणि पुसलेल्या जागेला बोटही लागू दिलं नाही. मापं घेऊन खुणा केल्या. कडेला टेप, मध्ये गम. स्पॉयलर खुणेवर केसभरही न चुकता बसला. मग दोन्ही तळव्यांनी दाबून धरला आणि आडव्या कागदी पट्ट्या मारल्या.

चाचा बघत होते...

"बरोबर," ते म्हणाले.

"बरोबर हाय तर निघतो कसा?"

"अजून काय करतोस?"

"काय न्हाई. झालं की काम."

पंधरा मिनिटं गेली. अभिनंदन उठला, त्याने पट्ट्या सोडवल्या, स्पॉयलरची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि गदागदा हलवली. सगळी डिकी हलली. स्पॉयलर जागचा सरकला नाही.

"हे बघा. दगड."

चाचांनी डोळे मिटून घेतले.

"हे कुणी शिकवलं?"

"ह्यात शिकवायचं काय? गिऱ्हाईक विचारतंच की, पक्का बसलाय का म्हणून. मग हलवून दाखवायचं. मी प्रत्येकाला दाखवतो. खूश होत्यात माणसं."

"या अल्ला..."

चाचा उठले. एका टोकाखाली अंगठा घातला आणि सावकाश वर ओढला. गमाचे काळे धागे ताणले गेले, एकेक करून तुटले, आणि अख्खा स्पॉयलर त्यांच्या हातात आला.

"तुम्ही ओढलात म्हणून निघाला!" अभिनंदन ओरडला.

"तू का ओढलास?"

"मी? मी बघत होतो, चिकटलाय का न्हाई ते."

"कर पुन्हा."

पुन्हा म्हणजे सगळं पहिल्यापासून. गम खरवडा, पुसा, खुणा करा. अभिनंदनने मनातल्या मनात चाचांचा उद्धार केला. एकदा तर फडकं आपटून निघून जावं असंही त्याला वाटलं. पण जाणार कुठे? सांगलीत जाऊन चौगुल्यांना काय सांगणार? त्याने गपगुमान काम केलं. चार वाजले असतील तेव्हा दुसऱ्यांदा पट्ट्या मारून झाल्या.

तो बाजूला झाला. पाच मिनिटांनी त्याचा हात आपसूक टोकाकडे गेला.

"ए!"

चाचा चहा घेऊन उभे होते. काठोकाठ भरलेले दोन ग्लास.

"धर."

त्याने एक ग्लास घेतला.

"हा पण धर."

"हा कुणाचा?"

"कुणाचा न्हाई. धर. आणि बस तिथं."

अभिनंदन गाडीसमोर दोन्ही हातांत दोन ग्लास घेऊन बसला. बोटं भाजत होती. ग्लास खाली ठेवावा तर चाचा डोळे वटारायचे. पिता येईना, सोडता येईना, आणि समोर तो स्पॉयलर. एवढा मोठा दुकानदार आणि ही गत! रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं बघून हसले. त्याला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"किती वेळ, चाचा?"

"निवू दे."

चहा निवत गेला. साय धरली... अभिनंदन त्या पट्ट्यांकडे बघत राहिला. आत गम अजून ओला असणार. मघाशी हलवला तेव्हा वरून दगड वाटला, पण आत कुठेतरी फाटला असणार, दिसला नाही. पहिल्या गाडीलाही तसाच. दुसऱ्या गाडीलाही. चौगुल्यांना तर त्याने दोनदा हलवून दाखवला होता. एकदा त्यांना, आणि एकदा त्यांच्या मेव्हण्याला.

त्या पोराला आपल्याच हातांनी खडीत ढकललं, हे त्याला कळलं.

"चाचा..."

"हं."

"मी बाजारात गेल्यावर तुम्ही खरंच काय करत न्हवता?"

"करत होतो की."

"काय?"

"तू लवकर परत येतोस का काय, ह्याची काळजी."

चाचांनी त्याच्या हातातला एक ग्लास काढून घेतला आणि गार चहा एका घोटात संपवला. "सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का, शहाण्या? उद्या चारपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई. तूबी न्हाई, मीबी न्हाई. जा घरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो आला, तर शेडसमोर चौगुले आधीच रिक्षातून उतरत होते. अंगात कडक इस्त्रीचा सदरा. कोल्हापुरात पुतण्याचा साखरपुडा होता, बाराचा.

"झालं न्हवं? वा! बसलाय झकास." त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "जरा हलवून दाखव."

अभिनंदनने चाचांकडे पाहिलं. चाचा एका हॉर्नच्या वायरी सोलत होते.

"हलवायचा न्हाई, साहेब. चार वाजेपर्यंत."

"का? पक्का बसला न्हाई?"

"माहीत न्हाई."

"म्हणजे?" चौगुल्यांचा आवाज चढला. "गेल्या खेपेला तर दोनदा हलवून दाखवलास!"

"म्हणूनच निघाला तो." अभिनंदनने खिशातून किल्ली काढून पुढे धरली. "माझ्या हातानं निघाला. त्या पोराला लागलं ते माझ्यामुळं. ही घ्या किल्ली, गाडी तुमची हाय. पण आता हायवेला न्याल तर मला खात्री देता येत न्हाई."

 चौगुल्यांनी तोंड सोडलं. दुकान काढायची घाई, धड काम येत नाही, वर तोंड करून सांगतोय माहीत नाही म्हणून, आता काय एसटीने लोंबकळत जायचं का साखरपुड्याला... मनसोक्त बोलून झाल्यावर त्यांनी किल्ली त्याच्या हातातून हिसकावली, बाकड्यावर आपटली आणि तणतणत स्टॉपकडे चालू लागले.

कोल्हापूरची एसटी आली. चौगुले मागे न बघता चढले.

अभिनंदन बाकड्यावर बसला.

"गेलं गिऱ्हाईक, चाचा. आता परत तोंड बघायचं न्हाई माझं."

चाचांनी वायर दातात धरून सोलली, तुकडा थुंकला.

"गाडी ठेवून गेलंय."