उंबऱ्याबाहेरची घोंगडी

फार फार पूर्वी, डोंगर अजून उंचीत वाढत होते त्या काळी, एका राजाच्या गडावर एक तेजाळ दगड होता. त्याच्या उजेडानं गडावरचे कोंबडे दिवसातून सात वेळा आरवत. खोटं वाटलं तर कोंबड्यांनाच विचारा!

पण हा दगड फुटला, तर त्याची न दिसणारी धूळ वाऱ्यावर पसरेल आणि अंगाला लागली की माणूस आतून खंगेल, हे राजाला ठाऊक होतं. म्हणून त्यानं दवंडी पिटली, "नगारा झाला की घरात शिरा, दारं लावा. दुसरा नगारा होईतो बाहेर येऊ नका."

गडाखाली एक म्हातारा धनगर बायको आणि लहानग्या नातीसह राहायचा. दवंडी ऐकताच त्याची बायको कामाला लागली. आतल्या खोलीत झाकलेल्या घागरी ठेवल्या, लाह्या भरल्या, भिंतीच्या फटी लिंपल्या. पडवीत अंघोळीचं पाणी ठेवलं. मग रोज तालीम सुरू झाली. बाहेरून येणाऱ्यानं कपडे उंबऱ्याबाहेर टाकायचे, अंग धुवायचं, मगच नातीला उचलायचं.

"घोंगडीसुद्धा?" म्हातारा दचकला. लग्नाच्या वर्षी तिनंच कातलेल्या लोकरीची ती घोंगडी, चाळीस वर्षं त्याच्या खांद्यावर होती.

"ती आधी."

"अगं, मेंढरं मला ओळखायची नाहीत!"

"नात ओळखेल. काढा."

तो कुरकुरत काढायचा. नात आतून ओरडायची, "आधी अंघोळ, मग मिठी!"

एका दुपारी दगड खरंच फुटला आणि नगारा झाला. म्हातारा माळावर होता. मेंढरं छपराखाली कोंडून तो घरी पोचला, तोवर गडावरचा वारा त्याच्या अंगावरून गेला होता.

दार उघडलं. घाबरलेली नात रडत धावली. म्हाताऱ्याचे हात पुढं झाले, आणि तसेच थांबले.

"तिथंच थांब, बाळा!" तो म्हणाला. "आपण काय म्हणतो रोज?"

"आधी... अंघोळ," ती हुंदक्यात म्हणाली.

त्यानं घोंगडी उतरवली. या खेपेला कुरकुरला नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरा नगारा झाला. राजाच्या माणसांनी घोंगडी खोल खड्ड्यात पुरली. नात अंगणात उड्या मारत होती. मेंढरांनीही म्हाताऱ्याला बरोबर ओळखलं.

तो मात्र उघडे खांदे चोळत बसला होता. म्हातारीनं लोकर काढली, कातायला बसली.

"या वयात? किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे. तोवर माझं लुगडं पांघरा."

तात्पर्य: जिवाभावाची वस्तू सोडायची सवय संकटाआधी लावली, तरच संकटात जिवाभावाची माणसं राखता येतात.