आप्पांचा हातपंखा

“मंग संपत आली हे कळतं कसं?” आप्पांनी विचारलं.

पद्माकर सबनीस हसले. हा प्रश्न यावा म्हणूनच तर ते मघापासून बॅटरीवर बोलत होते.

संध्याकाळ होत आली होती, मी ओसरीच्या कडेला शेंगा फोडत बसलो होतो. मठात पाहुणा आप्पांशी बोलत असला की ऐकू नये, असं आम्हाला शिकवलेलं आहे. पण कानाला झाकण नसतं, आणि सबनीसांचा आवाज तर चिंचेवरच्या पाखरांनाही ऐकू जाईल असा.

सबनीस ठाण्याच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात एकदा आप्पांच्या दर्शनाला यायचे. यंदा आले ते घरच घेऊन. जुनी मिनीबस विकत घेतली, तिच्यात पलंग, ओटा, मोरी, एसी, सगळं बसवलं. आता ठाण्याचा फ्लॅट विकायचा आणि उरलेलं आयुष्य या फिरत्या घरात काढायचं, असा बेत होता. आप्पांचा आशीर्वाद तेवढा बाकी होता.

बरोबर त्यांच्या पत्नी कुंदाताई. त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं जुनं. नाकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र. ते यंत्र चोवीस तास विजेवर चालतं. दिवसभर बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्या गाडीतच एसी लावून पडल्या होत्या. गाडी चिंचेखाली उभी होती, आणि मठाच्या खोलीतून एक केबल तिच्यात गेली होती.

सबनीसांनी आधीच्या साध्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या बसवल्या होत्या. जुन्या बॅटऱ्या म्हणजे रडतराऊ, ते म्हणाले. संपायला आल्या की दिवा पिवळा पडतो, पंखा मंदावतो, नुसती कुरकुर.

“ही तशी नाही, आप्पा. ही शेवटपर्यंत चकार शब्द काढत नाही. भरलेली असताना जसं चालतं, तसंच संपतानाही.”

“आन् संपली की?”

“मग एकदम बंद. पण तशी वेळच येऊ देत नाही मी. मोबाइलवर सगळं दिसतं.”

मोबाइल गाडीत चार्जिंगला लावलेला होता.

मग इन्व्हर्टर-चार्जरची आरती सुरू झाली. बाहेरची वीज असली की हे यंत्र ती वापरतं आणि बॅटरीही भरून घेतं. बाहेरची गेली की पापणी लवायच्या आत बॅटरीवर येतं. आतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. इशारा द्यायला त्याला एक भोंगाही होता म्हणे, पण कुंदाची झोपमोड नको म्हणून सबनीसांनी तो बंद करून टाकला होता.

“आतल्या माणसाला पत्ता लागत न्हाई?” आप्पांनी पुन्हा विचारलं.

“नाही ना. तीच तर गंमत.”

आप्पा ताडाच्या पानाच्या हातपंख्यानं वारा घेत राहिले.

सबनीसांना त्या पंख्याचं फार कौतुक वाटलं. डोक्यावर विजेचा पंखा असून आप्पा हातानं वारा घेतात, याला म्हणतात वैराग्य, असं ते मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. आपण संसारी माणसं, आपल्याला यंत्रं लागतात, हेही म्हणाले. नम्रतेतसुद्धा तोरा कसा असतो, ते त्यांच्याकडून शिकावं.

आप्पांनी विषय बदलला.

“फ्लॅट इकायचा, हे कुंदाला इचारलंस का?”

“तिला काय विचारायचं? ती कधी नाही म्हणत नाही. लग्न झाल्यापासून एक तक्रार नाही तिची.”

आप्पांनी चिंचेखालच्या गाडीकडे पाहिलं.

तेवढ्यात गाडीतल्या एसीची घरघर थांबली. मागोमाग आतून ऑक्सिजनच्या यंत्राची, वीज तुटल्याची बारीक शिटी सुरू झाली.

सबनीस सहज म्हणाले, “तुमची लाइट गेली वाटतं. आता बघा, बॅटरी कशी उचलते.”

आम्ही बघत राहिलो. शिटी चालूच राहिली.

“लाइट तर दुपारपासून न्हाई, बाबा,” आप्पा म्हणाले.

सबनीसांनी आप्पांच्या हातातल्या पंख्याकडे पाहिलं. मग मान वर करून छताच्या पंख्याकडे पाहिलं. तो गप उभा होता. त्याच्या एका पात्यावर चिमणी बसली होती.

त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. दुपारपासून एसी चालला होता, यंत्र चाललं होतं, आणि ते सगळं बॅटरीवर.

ते धावले. आम्हीही धावलो.

दार सरकवलं तर कुंदाताई पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात रोवून, पुढे वाकून बसल्या होत्या. ओठ जांभळे पडले होते.

“सिलिंडर…” सबनीस म्हणाले आणि पलंगाखाली वाकले.

तिथे बॅटरी होती. ती बसवायला जागा हवी म्हणून अडीअडचणीचा सिलिंडर त्यांनीच काढून ठाण्याला ठेवला होता. ते तसेच वाकलेले राहिले, जणू नीट पाहिलं तर सिलिंडर दिसेल.

मग ते इन्व्हर्टरची बटणं दाबत सुटले. हे दाब, ते दाब. ज्याची आरती चालली होती, तो देव काही पावेना. कुंदाताईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांनी हात उचलला आणि बोट पुढे केलं. सबनीसांचं लक्ष नव्हतं.

आप्पा कधी कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत. त्यांनी सबनीसांचं मनगट धरलं.

“ती काय दाखवतीया ते बघ आधी.”

बोट गाडीच्या चावीकडे होतं.

सबनीस धडपडत पुढे गेले आणि इंजिन सुरू केलं. इंजिन चालू झालं की बॅटरीत वीज जाऊ लागते, हे त्यांनीच सकाळी आम्हाला समजावून सांगितलं होतं. पण ऑक्सिजनचं यंत्र सुरू होईपर्यंतचा वेळ काढायचा होता. आप्पा पायरीवर चढले आणि कुंदाताईंना वारा घालू लागले.

शेवटी यंत्र गुरगुरलं. शिटी थांबली. हळूहळू कुंदाताईंच्या ओठांवर रंग आला.

सबनीस गाडीतच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. डोळे पुसून त्यांनी बायकोला विचारलं, एसी बंद पडला तेव्हाच दम लागला का?

“नाही,” कुंदाताई म्हणाल्या. “ठाणं सोडल्यापासून लागतोय. गाडी हलली की जास्त.”

सबनीस त्यांच्याकडे बघतच राहिले. मघाशी त्यांचं तोंड उतरलं होतं, पण ते काहीच नव्हे.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही इतके खुशीत होतात…”

मग सबनीसांनी आणखी एक विचारलं. हळू विचारलं, त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

“आणि फ्लॅट? तो विकायचा?”

कुंदाताईंनी नाकाची नळी सारखी केली. मग नाही म्हणून मान हलवली.

सबनीस आप्पांकडे वळले.

“आप्पा, ती कधी काही बोललीच नाही हो.”

एसी बंदच होता आणि गाडी तापली होती. आप्पांनी हातपंखा सबनीसांच्या हातात दिला.

“वारा घाल तिला.”

“किती वेळ, आप्पा?”

आप्पा पायरी उतरले.

“ती पुरे म्हणेस्तोवर.”